ओल्या तुसाचे चार दिवस

भामाने मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नमस्कार-चमत्कार काही केला नाही. माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाली, "चपला भाईर."

मी कमलाकरशेठच्या पोह्यांच्या गिरणीत, भट्टीच्या दाराशी उभी होते. हातात कोरी वही, गळ्यात स्टॉपवॉच आणि पर्समध्ये नुकतीच छापून आणलेली कार्डं. त्यांच्यावर माझं नाव, खाली 'उद्योग सल्लागार' आणि त्याखाली नवीन पनवेलचा पत्ता. साल त्र्याण्णव. ठाण्याच्या एका बिस्किट कारखान्यात नऊ वर्षं दर्जा तपासणीचं काम करून मी राजीनामा दिला होता, कारण मी ज्याला काम शिकवलं त्यालाच माझा साहेब करून बसवला होता. मला काही कळतं आणि ते विकून मी पोट भरू शकते, हे मला जगाला दाखवून द्यायचं होतं. जगाला त्यात काडीचा रस नव्हता. पनवेलमधल्या निम्म्या कारखानदारांनी मला चहा पाजून परत पाठवलं होतं. एकजण तर म्हणाला, "ताई, सल्ला आम्हाला आमचे जावईसुद्धा देतात."

तर मी चपला काढल्या. फरशी चांगलीच तापलेली होती. माझ्यामागून कमलाकरशेठ करकरीत कोल्हापुरी वाजवत आत आले आणि थेट कढईपाशी जाऊन उभे राहिले. त्यांना ती काही बोलली नाही. मी ते पाहिलं आणि विसरून गेले.

कमलाकरशेठ माणूस वाईट नव्हता. वडिलांची गिरणी त्यांनी नेटाने चालवली होती. पण पनवेलमधल्या गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या, जागा बिल्डरांकडे जात होत्या, आणि आता मुंबईची एक कंपनी त्यांच्याकडून पोहे घेऊन स्वतःच्या पिशव्यांत विकायला तयार झाली होती. तिची अट एकच. प्रत्येक पोतं सारखं हवं, आणि पोहे कसे होतात ते लेखी हवं. भात किती वेळ भिजतं, किती वेळ भाजतं, कोण काय बघतं, सगळं कागदावर. कंपनीचा माणूस सात आठवड्यांनी तपासायला येणार होता.

गिरणीत कागदावर काहीच नव्हतं. जे होतं ते भामाच्या अंगात होतं. पोह्यांचं सगळं इंगित भाजण्यात असतं. भिजवलेलं भात कढईतल्या तापलेल्या वाळूत टाकायचं, लांब दांड्याच्या झाऱ्याने हलवत राहायचं आणि नेमक्या क्षणी काढून गरम असतानाच चपटं करणाऱ्या घाण्याकडे द्यायचं. जरा जास्त भाजलं की लाही फुटते. जरा कमी भाजलं की पोह्याचा चुरा होतो. तो नेमका क्षण एकवीस वर्षं भामा ठरवत आली होती. एकवीस वर्षांत तिचं नाव गिरणीच्या हजेरीपटावर मात्र चढलं नव्हतं. रोज सकाळी ती सुकापूरहून चालत यायची आणि रोजच्या रोज तिला कामावर घेतलं जायचं, जणू काल ती इथे नव्हतीच.

"मॅडम," कमलाकरशेठ म्हणाले, "एकदा तुम्ही सगळं उतरवून घेतलंत की कोणीही भाजेल. हा घाण्यावरचा तुळशीराम आहे, तो भाजेल. म्हातारीला मग चाळणीवर बसवू, नाहीतर घरी."

हे ते भामाच्या समोर, दोन हातांवरून बोलले. 'म्हातारी' तेव्हा पंचेचाळीसची असेल. तिने मान वर केली नाही, झारा फिरवत राहिली. आणि मी काय केलं? मी वही उघडली. कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं हा मालकाचा विषय, असं आम्हा सल्लागारांचं एक सोयीचं वाक्य आहे. ते मी मनातल्या मनात म्हटलं आणि पेनाचं टोपण काढलं. आजही ते आठवलं की मला माझी लाज वाटते.

चार दिवस मी भट्टीपाशी बसले. बासष्ट खेपा मोजल्या. भात टाकलं की स्टॉपवॉच दाबायचं, काढलं की थांबवायचं. सरासरी आली शहाण्णव सेकंद. जाळायला भाताचंच तूस, दर दहा मिनिटांनी एक टोपली. वाळू किती, भात किती, सगळं टिपलं. पोहे नेहमीसारखे पांढरेशुभ्र, अखंड उतरत होते, म्हणजे माझे आकडे बरोबर होते. भामा मला काही विचारत नव्हती, मी विचारलं तर एका शब्दात उत्तर देत होती. भाजताना मात्र ती तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणायची. भात कढईत पडलं की सूर सुरू, भात बाहेर आलं की बंद. माझ्या वहीत एक रकाना होता, 'अनावश्यक बाबी'. त्यात मी लिहिलं: बाई गुणगुणते.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती डबा खाताना अचानक म्हणाली, "बाय, तू रातेस खय?"

"नवीन पनवेलला. स्टेशनाच्या पूर्वेला."

"आमचं भात व्हायचं तिकरं." तिने भाकरीचा तुकडा मोडला. "जमीन मोजाला बी असाच एक मानूस आला होता. वही घेऊन. लय ग्वार बोलायचा, साकरेसारका. आमच्या सासऱ्यान त्याला बांध दाखवलं, आंब्याची झारं दाखवलं, इहीर दाखवली. समदं लिवून घेतलान. मंग जमीन गेली."

मी म्हटलं, "मी जमीन मोजायला नाही आले, भामाबाई."

"ना," ती म्हणाली. "तू मना मोजाला आलीस."

मी हसून वेळ मारून नेली. तिचं म्हणणं मला नीट कळलं होतं आणि म्हणूनच मी हसले.

पुढच्या आठवड्यात माझा अहवाल तयार झाला. बावीस पानं, टाइप केलेली, वर प्लॅस्टिकचं कव्हर. कमलाकरशेठनी तो हातात घेऊन तीनदा पुढे-मागे चाळला आणि खूश झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुळशीरामला कढईवर उभं केलं आणि भामाला चाळणीवर जायला सांगितलं. भामाने झारा पुसला, खिळ्याला अडकवला आणि पदर खोचून दाराकडे निघाली.

"भामे, चाळणी तिकडे आहे," शेठ म्हणाले.

"मना ठाव हाय चालनी खय हाय ती," ती म्हणाली. "कढई सोरून चालनीवर मी बसायची नाय. भाजा आता कागदावर."

आणि ती गेली.

त्या दिवशी तुळशीरामने माझं पान भिंतीवर चिकटवून, माझंच घड्याळ हातात धरून, बरोबर शहाण्णव सेकंद भात भाजलं. कढईभर लाह्या फुटल्या. दुसरी खेप, तिसरी खेप, लाह्याच. तुळशीराम पनवेलमधला सर्वांत आज्ञाधारक माणूस असावा, त्याने दुपारपर्यंत तीन पोती भाताच्या लाह्या केल्या. मग मला बोलावणं आलं. मी म्हटलं ऐंशी सेकंद करा. केलं. सत्तर करा. केलं. कधी लाह्या, कधी चुरा. मध्येच वाडा तालुक्याकडचं नवं भात आलं आणि होता तोही अंदाज गेला. आठ दिवस हे चाललं. गिरणीच्या आवारात लाह्यांचा ढीग साचला आणि अख्ख्या पनवेलच्या चिमण्या तिथे जेवायला येऊ लागल्या. कंपनीचा माणूस यायला साडेतीन आठवडे उरले होते.

कमलाकरशेठ अहवाल टेबलावरून माझ्याकडे सरकवून म्हणाले, "मॅडम, ही बावीस पानं चिमण्यांना घालू का?"

मी उठले आणि सुकापूरला गेले. भामा नसताना ही गिरणी चालणार नाही, एवढं एव्हाना माझ्या शिकलेल्या डोक्यात शिरलं होतं. का चालणार नाही, ते मात्र अजून शिरलं नव्हतं.

तेव्हा सुकापूर गाव होतं. घरांमागे शेतं, शेतांमागे डोंगर. भामाचं घर विचारलं तर एक बाई म्हणाली, "ती मांडवान हाय. हलदी हायत." दुपारची वेळ होती. मांडवात नवरीला मधोमध बसवलं होतं आणि तिच्याशेजारी, सगळ्या बायकांच्या पुढे, हिरव्या नऊवारीत भामा बसली होती. गिरणीतली भामा मी नेहमी उकिडवी, घामाने निथळलेली पाहिली होती. इथे ती पाटावर होती. समोर ओटीचं ताट, नारळ, विडा. आगऱ्यांच्या लग्नात प्रत्येक विधीच्या वेळी धवला हे गाणं गातात आणि ते गाणारी बाई म्हणजे धवलारीण. तिने तोंड उघडल्याशिवाय हळद लागत नाही आणि नवरी पाटावरून उठत नाही. नवऱ्या मुलीचा बापसुद्धा तिच्यापुढे हात जोडून उभा होता.

भामाने सूर लावला आणि मी जागच्या जागी थांबले. चाल माझ्या ओळखीची होती. बासष्ट वेळा ऐकलेली. तीच ती, 'अनावश्यक बाबी'तली.

पर्समध्ये स्टॉपवॉच होतं. मी का दाबलं, मला सांगता येणार नाही. नऊ वर्षांची सवय, दुसरं काय. कडवं सुरू झालं तेव्हा दाबलं, संपलं तेव्हा थांबवलं. अठ्ठावन्न सेकंद. पुढचं कडवं, अठ्ठावन्न. त्याच्या पुढचं, सत्तावन्न. गिरणीत एका खेपेला एक कडवं, आणि तेच तिने माझ्यासमोर शहाण्णव सेकंदांपर्यंत ओढत नेलं होतं.

विधी आटोपल्यावर ती स्वतःच माझ्याकडे आली. मी घड्याळ तिच्यापुढे धरलं. तिला वाचता येत नव्हतं, पण तिला काय ते कळलं.

"भामाबाई, तुम्ही मला चार दिवस खोटं मोजू दिलंत."

"मी काय बोलली? तू मोजलास, मी भाजलं."

"पण पोहे तर चांगले उतरत होते. शहाण्णव सेकंद भाजूनही."

"तूस वलं होतं," ती म्हणाली. "सकालला तू येयाच्या आदी मी त्याव पानी शिपरायची. वलं तूस धुमसतं, पेटत नाय. आग मंद, मंग वेल जास्ती. एक टोपली, एक टोपली, लिवत होतीस ना? वलं का सुकं, इचारलास?"

मी विचारलं नव्हतं. चार दिवस तिच्यापासून तीन हातांवर बसून, धूर डोळ्यांत जात असताना, हा धूर इतका का, असं मी विचारलं नव्हतं. मला राग आला, आणि त्याहून जास्त मला हसू आलं, आणि मग तिथेच त्या मांडवाच्या खांबाशी मला रडू आलं. ठाण्याच्या कारखान्यातून बाहेर पडताना मी माझ्या वह्या तिथेच ठेवून आले होते. नऊ वर्षांचं सगळं ज्ञान मी पुढे माझा साहेब झालेल्या त्या माणसाला स्वच्छ अक्षरात लिहून दिलं होतं आणि मग त्याने माझ्या खुर्चीमागे आपला कोट अडकवला होता. तुसावर तांब्याभर पाणी शिंपडायची अक्कल मला नव्हती. या बाईला होती.

"हे धवले कोणी शिकवले तुम्हाला?" मी डोळे पुसून विचारलं.

"गोदू आत्यान. तीन पावसाले तिच्या बाजूला बसली मी. ती बोलली तवा तोंड उघारलं." भामाने ओटीचा नारळ पदरात बांधला. "धवला कुनी कुनाचा चोरून नेत नाय, बाय. सुपारी घेऊन घरा येतात, पाटाव बसवतात, मंग द्यायचा. आनि कुनाला द्यायचा ते धवलारीन ठरवते. तुमचा शेट मना म्हातारी बोलतो आनि माजंच काम कागदाव मागतो. मी कशाला देऊ?"

मी विचारलं, "सुपारी घेऊन आले तर?"

"तू येऊन काय उपेग?" ती म्हणाली. "कढई काय तुजी हाय?"

दुसऱ्या दिवशी मी कमलाकरशेठच्या टेबलावर माझा अहवाल ठेवला आणि त्यांच्यासमोर उभा-आडवा फाडला. कव्हर प्लॅस्टिकचं होतं, ते फाटेना, तेवढं तसंच राहिलं. मी त्यांना सगळं सांगितलं, ओल्या तुसासकट. ते आधी भडकले.

"म्हणजे तिने गिरणीला फसवलं."

"गिरणीला नाही, मला. आणि चांगलं केलं," मी म्हटलं. "शेठ, तुमच्याकडे मशीन जुनं आहे, जागा गळकी आहे, भात तुम्ही सगळ्यांसारखंच घेता. मुंबईची कंपनी तुमच्याकडे आली ती तुमच्या पोह्यांसाठी आली, आणि तुमचे पोहे म्हणजे ती बाई. तुमची सगळी पुंजी एकवीस वर्षं तुमच्या गिरणीत हजेरीपटाबाहेर उभी आहे. तुम्हाला सल्ला हवा होता ना, हा सल्ला. सुपारी घ्या, सुकापूरला जा, तिला बोलवा. हजेरीपटावर तिचं नाव चढवा. कढई तिची राहील असं लिहून द्या. ती कोणाला शिकवणार ते ती ठरवेल. मग मी लिहीन, आणि प्रत्येक पानावर तिचं नाव असेल."

"आणि मी नाही गेलो तर?"

"तर चिमण्या आहेतच," मी म्हटलं. "आणि हे तिच्याकडून दुसऱ्या कुठल्या मार्गाने काढून घ्यायला मी येणार नाही. दुसरा सल्लागार बघा."

पनवेलमधलं माझं ते पहिलंच काम होतं आणि बहुतेक शेवटचं, असं मला तेव्हा वाटलं. पण नऊ वर्षांत जे बोलता आलं नव्हतं ते एकदाचं बोलून झालं होतं, आणि त्याचं मला फार बरं वाटत होतं.

कमलाकरशेठ तीन दिवस गेले नाहीत. चौथ्या दिवशी तुळशीरामने, त्या आज्ञाधारक माणसाने, झारा खिळ्याला अडकवला आणि म्हणाला, "शेट, मना घान्याव जाऊ द्या. ही कढई मना वलखत नाय." त्या दिवशी संध्याकाळी शेठ सुकापूरला गेले. तिथे काय झालं मला माहीत नाही. भामाला विचारलं तर ती एवढंच सांगायची, "आला, बसला, बोलला." दुसऱ्या दिवशी ती गिरणीत आली आणि तिने आधी तूस उन्हात पसरलं.

मग आम्ही खरं काम केलं. ते लिहायला मला चार नाही, सतरा दिवस लागले, कारण या वेळी ती बोलत होती. भात भिजलं का ते घड्याळ सांगत नाही, दाणा दाताखाली धरला की तो मधोमध न तुटता दबला पाहिजे. खारजमिनीतलं भात उशिरा भिजतं, त्याला पहाटेऐवजी आदल्या संध्याकाळीच पाण्यात घालायचं. वाळू काळी पडली की ती उष्णता धरत नाही, बदलायची. तूस सुकं असेल तर खेप अठ्ठावन्न सेकंदांची, म्हणजे एका कडव्याची; आणि वाड्याकडचं नवं भात असेल तर कडवं संपायच्या एक ओळ आधी काढायचं. कागदावर आम्ही 'बावन्न सेकंद' लिहिलं. शिकवायला भामाने मनिषाला निवडलं, चाळणीवरच्या एका गप्प बसणाऱ्या तरुण बाईला. "ती बगते," एवढंच कारण तिने दिलं. मनिषा पंधरा दिवस नुसती शेजारी बसली. मग भामाने झारा तिच्या हातात दिला, आणि गिरणीत पहिल्यांदाच दोन कढया एकदम पेटल्या.

त्यानंतर मी पनवेल-तळोजा भागात बऱ्याच छोट्या कारखान्यांत गेले. रबराचे वॉशर, लोणची, शेतीची अवजारं. वही नेते, घड्याळही नेते, पण पहिल्या दिवशी काढत नाही. पहिल्या दिवशी मालकाला विचारते, कोण एक दिवस आलं नाही तर तुमचं काम बिघडतं? मालक बहुतेक वेळा स्वतःचं नाव सांगतो. मग मी त्याच्या माणसांना विचारते. तिथून माझं काम सुरू होतं.

पण तेव्हा, कमलाकरशेठच्या गिरणीत, मुंबईच्या कंपनीचा माणूस ठरल्या दिवशी आला. टाय, चकचकीत बूट, हातात फाइल. ऑफिसात बसून त्याने आमची पानं वाचली. प्रत्येक पानाच्या खाली छापलं होतं: पद्धत ठरवणारी, भामा, सुकापूर. त्याने भुवया उंचावल्या.

"इथे एखाद्या जबाबदार व्यक्तीचं नाव हवं. मॅनेजर, इंजिनियर वगैरे. ही बाई कोण?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात कमलाकरशेठ म्हणाले, "दाखवतो, चला."

भट्टीच्या दाराशी आम्ही तिघं आलो. आत भामा कढईवर होती, पलीकडच्या कढईवर मनिषा. भामाने खेप काढली, झारा टेकवला आणि त्या माणसाकडे पाहिलं. मग त्याच्या बुटांकडे.

"बूट भाईर," ती म्हणाली.

तो माणूस गोंधळला आणि त्याने आधाराला शेठकडे पाहिलं. भामानेही शेठकडे पाहिलं. एकवीस वर्षांत ती त्यांना जे कधी बोलली नव्हती, ते ती त्या दिवशीही बोलली नाही, नुसती पाहत राहिली.

कमलाकरशेठ खाली वाकले, त्यांनी पायातली कोल्हापुरी काढून दाराबाहेर भिंतीशी नीट ठेवली आणि अनवाणी आत गेले.